लसणाला फूल का येत नाही?



या मांडवात गेले आठ दिवस आपण मोठमोठे विषय ऐकलेत. कुणी राज्यघटनेवर बोलले, कुणी संतवाङ्मयावर. काल तर विश्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न दीड तासात निकालात निघाला. त्यानंतर आज आम्ही लसणावर बोलावयास उभे आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला आणि पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग त्यांनी जपून विचारले, "व्याख्यान म्हणजे... शेतीवर का आरोग्यावर?" आम्ही म्हणालो, "एका गैरसमजावर." तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला, गैरसमज हा विषय कोणत्याही व्यासपीठावर शोभतो.

तो गैरसमज आमच्यासमोर आला तो असा. आमच्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय सत्तरीचे, हाताला शिस्त, आणि गच्चीवर पंचवीस-तीस कुंड्यांचा संसार. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास त्यांनी पाच कुंड्यांत लसूण लावला. पात गुडघ्याला लागेल इतकी उंच झाली. पौष सरला, माघ लागला. शेवंती फुलून गेली, शेजारच्या कुंडीतल्या कांद्याने दांडा काढून गोंडा मिरविला. लसूण मात्र नुसता हिरवा. फूल नाही, तेव्हा फळ कुठले, असे बाईंना वाटले. एका रोपवाटिकेत चौकशी केली, तर तिथल्या माणसाने फुले धरण्याचे म्हणून एक औषध दिले. ते दोनदा घातले. तरी फूल नाही. अखेर एके दिवशी रागाने त्यांनी पाचही कुंड्या उपटून मोकळ्या केल्या. प्रत्येक रोपाच्या बुडाशी सुपारीएवढा, नुकता भरू लागलेला, ओलाच गड्डा होता. पाकळ्या धड सुट्या झालेल्या नव्हत्या. लावून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. आणखी पाच-सहा आठवडे वाट पाहिली असती तर घरचा लसूण घरी आला असता. त्या आमच्याकडे आल्या त्या हातात ती ओली जुडी घेऊन, आणि विचारले ते हेच : "याला फूल का आले नाही? माझे काय चुकले?"

बाईंचे चुकले ते एवढेच की ज्याची वाट पाहावयाची नव्हती त्याची वाट पाहिली. पण त्यांना हसण्याचे कारण नाही. ज्या कुणी कुंडीत लसूण लावला आहे त्यांतल्या बहुतेकांनी मनातल्या मनात हाच प्रश्न विचारलेला असतो.

आता आपल्या भाषेची एक गंमत पाहा. फुलाच्या दळाला आपण पाकळी म्हणतो, आणि लसणाच्या गड्ड्यातून जो तुकडा सुटतो त्यालाही पाकळीच म्हणतो. खेड्यात कुडी म्हणतात, पण शहरी स्वयंपाकघरात पाकळी. ज्याला फूल नाही त्याच्या पाकळ्या आपण रोज फोडणीत टाकतो. ज्याने हा शब्द प्रथम वापरला त्याने विनोद केला नसावा. गड्डा सोलून उघडला की तो खरोखर मिटलेल्या कळीसारखा दिसतो. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती पाकळी म्हणजे फुलाचा भाग नव्हे. ती एक फुगलेली कळी आहे; पानाच्या बगलेत, जमिनीखाली तयार झालेली, आत अन्न भरून ठेवलेली. तिच्या पोटात पुढच्या रोपाचा कोंब तयार असतो. म्हणून तीच पुरली की रोप येते. शेतकरी लसणाच्या पाकळ्यांना 'बियाणे' म्हणतो, पण बी या शब्दाचा जो खरा अर्थ, म्हणजे फुलात परागाचा संयोग होऊन धरलेला दाणा, तो तिथे कुठेच नाही.

आम्ही सोबत तीन गड्डे आणले आहेत. मागच्या मंडळींना दिसणार नाहीत, तेव्हा वर्णन करून सांगतो.

हा पहिला आपल्या बाजारातला. पांढरट, किंचित जांभळी झाक, आकाराने लिंबाहून मोठा. याची मान, म्हणजे गड्ड्यावरचा वाळलेला भाग, दाबून पाहा; ती कागदासारखी मऊ आहे. म्हणूनच खेड्यातल्या आयाबाया पातीसकट लसणाच्या जुड्या वळतात आणि आढ्याला टांगतात. जुडी वळता येते याचाच अर्थ आत दांडा नाही. सोलला तर पाकळ्या पंधरा-वीस, कधी त्याहूनही अधिक, आणि त्या एकाआड एक थरांनी बसलेल्या. बाहेरच्या भरदार, आतल्या काडीसारख्या बारीक, ज्या सोलताना गृहिणीचा जीव मेटाकुटीला येतो.

हा दुसरा थंड डोंगराळ मुलखातला, एका स्नेह्याने आणून दिलेला. याच्या मध्यातून पेन्सिलीएवढी ताठ काडी वर आली आहे. पाकळ्या मोजक्याच, आठ-दहा, सगळ्या सारख्या जाड, त्या काडीभोवती एकाच कड्यात बसलेल्या. ही काडी म्हणजे फुलाचा दांडा. याची जुडी वळावयास गेलात तर मोडेल, वळणार नाही.

म्हणजे लसणाच्या दोन जाती-कुळी झाल्या : एक मऊ मानेची, दुसरी ताठ मानेची. मऊ मानेचा लसूण सहसा दांडा काढीतच नाही. ताठ मानेचा काढतो, पण त्यालाही त्याच्या मनाजोगती थंडी मिळाली तर. आपल्या पठारावर जो पिकतो, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेला गोदावरी म्हणा, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा ओंकार, भीमा पर्पल म्हणा, तो सगळा पहिल्या कुळीतला. बाजारातून आणून आपण कुंडीत लावतो तोही बहुधा तोच. त्याच्याकडून फुलाची अपेक्षा करणे म्हणजे केळीला बी का धरत नाही म्हणून रुसण्यासारखे आहे.

पण इथे थांबलो तर प्रश्न अर्धाच सुटला. लसणाच्या कोंबाच्या टोकाशी एक वाढीचा बिंदू असतो, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तो पानांमागून पाने काढीत जातो. एका वेळी त्याला ठरवावे लागते की आता काय : आणखी पाने, की फुलाचा दांडा, की वाढ बंद. हा निर्णय खताने होत नाही. तो थंडीने आणि दिवसाच्या लांबीने होतो. पुरलेली पाकळी किंवा कोवळे रोप काही आठवडे शून्य ते दहा अंशांच्या थंडीत राहिले आणि पुढे दिवस लांबत गेले, की ताठ मानेच्या जातीत तो बिंदू दांड्याकडे वळतो. जमिनीखाली पाकळ्या भरावयासही हीच दोन कारणे लागतात : आधी थंडी, मग वाढते दिवस आणि ऊब. फरक एवढाच की गड्डा भरावयास जी थंडी पुरते तेवढीने दांडा निघत नाही.

आता आपली परिस्थिती पाहा. पुण्याच्या पातळीवर सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. श्रीनगरला तोच मोठा दिवस चौदा तासांच्या पुढे जातो. थंडीचे म्हणाल तर पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-अकरावर उतरतो खरा, पण दुपारी तो पुन्हा तिशीकडे धावतो. मुंबईकरांना तर सोळा-सतराची रात्र आली की ते शाल शोधू लागतात. आपल्या मुलखातला लसूण शेकडो वर्षांच्या निवडीने या तोकड्या थंडीत आणि तोकड्या दिवसांत गड्डा भरावयास शिकला आहे. फूल काढावयास मात्र तो शिकलेला नाही, आणि आपण त्याला शिकवू दिलेही नाही.

कांदा तसा नव्हे, आणि बाईंचा घोटाळा झाला तो कांद्यामुळेच. नाशिककडे हिवाळ्यात कांद्याच्या बीजोत्पादनाची शेते पाहिली असतील तर ते पांढरे गोंडे डोळ्यांपुढून हलत नाहीत. कांद्याला खरे फूल येते, खरे काळे बी धरते. पण ज्याला बी नको, कांदाच हवा, त्या शेतकऱ्याच्या पिकात मध्येच दांडे निघाले तर तो कपाळाला हात लावतो. 'डेंगळे आले' म्हणतो. डेंगळ्याने कांद्यातले अन्न वर ओढले जाते, आत कठीण दांडा राहतो, असा कांदा टिकत नाही. म्हणजे ज्या फुलासाठी बाई झुरत होत्या ते फूल शेतकऱ्याच्या लेखी आपत्ती. उसाचेही तसेच. तुरा आला की शोभा येते, पण पुढे साखर उतरू लागते. ताठ मानेच्या लसणातही दांडा वेळीच खुडला तर गड्डा अधिक भरतो; आणि तो खुडलेला दांडा वाया जात नाही, चिनी लोक त्याची भाजी करतात आणि मुद्दाम त्यासाठी लसूण लावतात.

दुसरा एक घोटाळा इथेच दूर करतो, कारण मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी आम्हांला आपल्या कुंपणावर 'लसणाला जांभळी फुले' आल्याचे सांगितले. ती लसूणवेल. तिची पाने चुरडली की लसणाचा वास येतो, म्हणून ते नाव. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि लसणाशी तिचे नाते आपल्या आडनावबंधूशी असते तेवढेच.

असो. मग ताठ मानेच्या लसणाला येते ते तरी खरे फूल का? दांड्याच्या टोकाशी चोचीसारखे निमुळते एक आवरण असते. ते फाटले की आत फिकट जांभळ्या बारीक कळ्या दिसतात खऱ्या, पण त्यांच्या दाटीत दुसरेच काही भरलेले असते : गव्हाएवढ्या किंवा हरभऱ्याएवढ्या इवल्याइवल्या कंदिका. कंदिका म्हणजे हवेत धरलेल्या लहान पाकळ्याच. त्या फुगतात, जागा आणि अन्न दोन्ही बळकावतात, आणि बिचाऱ्या कळ्या उमलण्यापूर्वीच वाळून जातात. जी उमलतात त्यांच्यातही पराग बहुधा वांझ. म्हणजे जिथे लसणाला फूल येते तिथेही बी येत नाही. त्या फुलातून पुन्हा पाकळ्याच निघतात.

हे असे का झाले? मध्य आशियाच्या डोंगररांगांत लसणाचे पूर्वज उगवले. तिथून तो हजारो वर्षांपूर्वी माणसाबरोबर सगळीकडे गेला. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या, १९२२ साली उघडलेल्या थडग्यातही लसणाचे गड्डे निघाले. माणसाला गड्डा हवा होता. ज्या रोपाने फुलात ताकद घालविली ते मागे पडले, ज्याने गड्डा भरला त्याच्या पाकळ्या पुढच्या वर्षी पुरल्या गेल्या. पाकळी पुरून आठवड्याभरात रोप येत असेल तर बीची वाट कोण पाहील? पिढ्यान् पिढ्या हेच चालले आणि लसूण बी धरावयाचे विसरला.

आमच्या जुन्या वैद्यांनी लसणाकडे बारकाईने पाहिले होते. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात त्याचे 'रसोन' हे नाव सोडवून दाखविले आहे : सहा रसांपैकी एक, म्हणजे आंबट, उणा, म्हणून रसोन. उरलेले पाच कुठे कुठे आहेत तेही त्याने सांगितले : मुळांत तिखट, पानांत कडू, नाळेत तुरट, नाळेच्या टोकाशी खारट आणि बीजात गोड. हे वाचताना आम्ही त्या शेवटच्या शब्दाशी अडलो. लसणाचे बीज त्याने कोणते चाखले असेल? आमचा तर्क असा की शेतकरी ज्याला बियाणे म्हणतो तेच, पाकळीच, त्याच्या मनात असावी. पण 'नाळ' आणि 'नाळेचे टोक' त्याला ठाऊक होते हे लक्षात घ्या. दांडा काढणारा लसूण त्याच्या पाहण्यात असणे अशक्य नाही.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय निवडला तिथे येतो. फूल नसल्याने आपल्या कुंडीचे काही बिघडत नाही. पण लसणाच्या जातीचे मात्र पुष्कळ बिघडते. बी म्हणजे दोन जीवांचे मिश्रण. दर बी नवे. पाकळी म्हणजे जुन्याच रोपाचा तुकडा. आज आपण जो गोदावरी लसूण खातो तो पहिल्या निवडलेल्या रोपाचाच पुढे पुढे वाढत गेलेला देह आहे. त्या देहात एकदा विषाणू शिरला की तो पाकळीपाकळीतून पुढच्या वर्षात जातो. बीच्या चाळणीतून पुष्कळसे विषाणू गळून पडतात. लसणाला ती चाळणीच नाही. त्यामुळे जगभरच्या लसणात विषाणूंचे ओझे साठत आले आहे. प्रयोगशाळेत कोंबाचा टाचणीच्या टोकाएवढा बिंदू वेगळा वाढवून निरोगी बेणे करता येते, पण ते शेतात गेले की पुन्हा लागण व्हावयास फार काळ लागत नाही. आणि नवा, रोगाला दाद न देणारा, टिकाऊ लसूण हवा म्हटले तर संकर करावयाचा कशाचा? फुलच नाही. म्हणून आपल्याकडच्या संशोधकांनी ज्या जाती दिल्या त्या प्रामुख्याने निवडीच्या आहेत. शेतांतून जे भिन्न भिन्न लसूण मिळाले त्यांतून उत्तम तो वेचून काढावयाचा.

उसापुढे एकेकाळी हीच अडचण होती. तोही कांडी लावून वाढणारा. पण कोइमतूरच्या हवेत तो फुलतो आणि बी धरतो, हे ध्यानात आले आणि १९१२ साली तिथे ऊस-पैदास केंद्र निघाले. बार्बर आणि वेंकटरमण यांनी तिथे जे संकर केले त्यांतून को २०५ हा ऊस १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि पुढे 'को' या दोन अक्षरांनी हिंदुस्थानातला ऊसच बदलला. आपल्या जिल्ह्यांतले साखर कारखाने, त्यांच्या शाळा, त्यांची इस्पितळे यांच्या पायाशी, शोधावयास गेलो तर, कोइमतूरचा तुरा निघतो.

लसणाचे कोइमतूर कोणते? ते त्याच्या माहेरी, मध्य आशियात, निघाले. जपानमधील कागोशिमा विद्यापीठातले ताकेशी एतो यांनी त्या वेळच्या सोव्हिएत मध्य आशियातून लसणाचे नमुने गोळा केले. त्यांतल्या काहींचा पराग जिवंत होता. १९८६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अशा रोपांच्या गोंड्यातून चिमट्याने कंदिका एकेक करून काढून टाकल्या तर कळ्यांना श्वास मिळतो आणि कांद्याच्या बीसारखे बारीक काळे बी धरते. कल्पना करा, शेकडो गोंडे, प्रत्येकात दाटीने कंदिका, आणि हातात चिमटा घेऊन वाकलेला माणूस. पुढे अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये त्या वाटेने बी धरण्याचे काम पुष्कळ पुढे गेले. आपल्या उष्ण पठारावर भरणारा, बीपासून निघालेला लसूण बाजारात दिसावयास अजून अवकाश आहे. पण दार किलकिले झाले आहे.

म्हणून आम्ही म्हणतो की फूल न येण्याचे दुःख करावयाचेच असेल तर ते या कारणासाठी करावे. कुंडीपुरते ते करू नये. कुंडीत पाहावयाच्या गोष्टी निराळ्या.

त्यांतली पहिली वेळ. कोजागरी उलटली की दिवाळीच्या पुढेमागे पाकळी मातीत गेलीच पाहिजे. हिवाळ्याची जेवढी थंडी आपल्या नशिबी आहे तेवढी सगळी तिला मिळावी. उशीर झाला तर काय होते ते सांगण्यासाठी हा तिसरा गड्डा आणला आहे. हा आमचाच पराक्रम. एका वर्षी कामाच्या धांदलीत आम्ही फेब्रुवारीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात लसूण लावला. डबा काळा, गच्चीचा स्लॅब तापलेला. एप्रिलअखेर पात करपली आणि बुडाशी हे निघाले : एकच गोल गड्डी, छोट्या कांद्यासारखी, एकही पाकळी सुटलेली नाही. घरच्यांनी ती औषधी एकपाकळी लसूण म्हणून कौतुकाने डब्यात ठेवली. आम्ही गप्प राहिलो. वस्तुतः ते रोपाला थंडी न मिळाल्याचे प्रमाणपत्र होते. मात्र अशी गड्डी टाकू नये. पुढच्या ऑक्टोबरात पुरली तर ती चांगला पाकळ्यांचा गड्डा देते.

दुसरे, भांडे. लसणाच्या मुळ्या उथळ असतात, आठ-नऊ इंच माती त्यांना पुरते. परंतु लहान भांड्यातली माती दुपारी तापते, संध्याकाळी सुकते, आणि पाणी घातले की एकदम थंड होते. शेतातल्या रोपाला हे हेलकावे सोसावे लागत नाहीत. म्हणून भांडे लहान-लहान पाच घेण्यापेक्षा मोठे एक घ्यावे. बारा इंची कुंडीत चार-चार इंचांवर पाच-सहा पाकळ्या, याहून अधिक लोभ नको. बुडाला भोके हवीतच. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भुसभुशीतपणासाठी थोडी जाड वाळू. गड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या भरदार पाकळ्याच निवडाव्यात, साल न काढता, टोक वर ठेवून, वर इंचभर माती येईल अशा पुराव्यात. आतल्या बारीक काड्या एका पसरट ट्रेमध्ये दाटीने लावा. त्यांची पात कापून भाकरीबरोबर खावयास उत्तम. पातीसाठी वेळेचे बंधन नाही, थंडीचेही नाही. ऊन मात्र दोघांनाही सहा तास हवे.

शीतकपाटात पाकळ्या ठेवून मग लावल्या तर फूल येईल का, असे एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले होते. काही आठवडे थंडीत ठेवलेल्या पाकळ्या लवकर गड्डा धरू लागतात हे खरे आहे, आणि उशीर झालेल्या माणसाने हा उपाय करून पाहावयास हरकत नाही. पण मऊ मानेच्या जातीतून त्याने फुलाचा दांडा निघण्याची आशा धरू नये. आणि अति थंडी दिली तर रोप वेडेवाकडे फुटते, गड्डा ओबडधोबड होतो. कधी कधी मऊ मानेच्या रोपालाही अर्धवट उमाळा येतो : दांडा बाहेर पडत नाही, पण मानेतच गाठ येऊन तीत दोन-चार इवल्या पाकळ्या धरतात. तो रोग नव्हे.

खत-पाण्याचा मोह आवरणे मात्र कठीण. पात हिरवी दिसली की हात आपोआप खताकडे जातो. नत्राचे खत पहिल्या दीड-दोन महिन्यांत द्यावे, पुढे नाही. गड्डा भरू लागल्यावर नत्र आणि पाणी चढले तर पाकळ्यांना मातीतच कोंब फुटतात. बाईंच्या लसणावर फुलांच्या औषधाने हेच व्हावयाचे होते. त्यांनी उपटला म्हणून ते टळले इतकेच. कीड म्हणाल तर पातीवर पांढुरके ओरखडे दिसले की फुलकिडे समजावे. ज्याला फूल नाही त्याला फुलकिडे आहेत, हा दैवाचा विनोद.

आणि शेवटी काढणी. १२० ते १३५ दिवस मोजा. कॅलेंडरवर लावण्याची तारीख लिहून ठेवा, कारण फूल तुम्हांला काही सांगावयास येणार नाही. खालची पाने पिवळी पडून वाळू लागली, मान मऊ होऊन पात कलू लागली की पाणी तोडा. दोन-तीन आठवड्यांनी एक रोप उपटून पाहा. पाकळ्यांच्या कडा सालीवर उठून दिसत असतील तर बाकीचे काढा, पातीसकट सावलीत वाळवा. आमच्या शिक्षिकाबाईंनी गेल्या हिवाळ्यात पुन्हा लसूण लावला. या वेळी फुलाचे औषध आणले नाही, तारीख भिंतीवर लिहिली. मार्चमध्ये त्यांनी आम्हांला जुडी पाठविली, स्वतः वळलेली. आज ज्याचे वर्णन केले तो पहिला गड्डा त्याच जुडीतला.

दुसऱ्या, ताठ मानेच्या गड्ड्याच्या आठ पाकळ्या आहेत. आपल्या हवेत त्या दांडा काढतील अशी खात्री आम्हांला नाही. बहुधा काढणार नाहीत, गोल गड्डीच देतील. पण कुणाच्या घरी महाबळेश्वर-पाचगणीकडे थंड जागा असेल तर लावून पाहावे. दांडा निघालाच तर तो वेटोळा होऊन वळतो; बाकीचे खुडून भाजीत घाला, एक तसाच राहू द्या. टोकाचे आवरण फाटले की कंदिका वेचून ठेवा आणि पुढच्या ऑक्टोबरात पेरा. पहिल्या वर्षी त्यांतून वाटाण्याएवढ्या एकेक गोल गड्ड्या येतील, पूर्ण गड्डा व्हावयास आणखी दोन-तीन हंगाम जातील. ज्यांना तेवढा धीर असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठापाशी यावे. पाकळ्या आठच आहेत, एका घरी एक.